भंगारवाला कॉक्स आणि बुडालेलं आरमार : ऑर्कनीतले पाच दिवस

दिवस पहिला

"बाबा, लोक स्कॉटलंडला येऊन किल्ले बघतात, नाहीतर व्हिस्कीच्या भट्ट्या. तुम्ही भंगार बघायला ऑर्कनीला निघालात?" एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर आमच्या बॅगा गाडीत चढवून देताना मुलगा म्हणाला. त्यावर काय बोलणार? एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, मग काही वर्षं मुंबईत सर्व्हेअर म्हणून. मुंबईच्या दारूखाना गोदीत जहाजं तोडताना बघत चहा प्यायलेला माणूस मी, भंगाराचं मला वावडं नाही. पण बुडालेलं जहाज वर काढायचं काम, आमच्या भाषेत साल्व्हेज, मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिलंय. तेही फसलेलं. म्हणून ज्या जागी ते सगळ्यात मोठ्या प्रमाणावर जमून आलं ती जागा, स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं, बघायची होती.

सकाळची गाडी स्टर्लिंगवरून गेली, त्यामुळे फोर्थच्या खाडीवरचा रेल्वे पूल चुकला. तो येताना. इनव्हर्नेसला गाडी बदलली. तिथून थर्सोपर्यंत जवळजवळ चार तास एका डुलत डुलत जाणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीत. मधे मधे स्टेशन येतं, त्यावर कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. सुनंदानं पोळीचा लाडू काढला आणि म्हणाली, "अहो, ही तर आपली रोहा-पनवेल शटल." शटलला गर्दी असते, एवढाच फरक.

स्क्रॅब्स्टर बंदरातून संध्याकाळी सातची 'हॅमनाव्हो' बोट. दीड तासाचा प्रवास. होय बेटाचे लाल कडे जवळून जातात आणि त्यांच्यापुढे समुद्रात एकटा उभा असलेला १३७ मीटरचा दगडी सुळका, 'ओल्ड मॅन ऑफ होय'. सगळे प्रवासी डेकवर फोटो काढत होते. मी फोटो न काढता नुसताच बघत उभा राहिलो, कारण त्या कड्यांच्या पलीकडे स्कापा फ्लो आहे. बेटांनी चहूबाजूंनी वेढलेलं तीनशे चौरस किलोमीटरांहून मोठं पाणी. आत वादळाची भीती कमी आणि नांगर धरायला तळ चांगला. ब्रिटिश आरमारानं दोन्ही महायुद्धांत इथे मुक्काम ठोकला तो उगाच नाही.

पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं तेव्हा जर्मनांचं आरमार, ७४ जहाजं, इथे आणून नजरकैदेत ठेवलं. जहाजांवर जर्मन खलाशीच, पण मोजके. पॅरिसमध्ये तहाची बोलणी लांबत गेली. २१ जून १९१९ च्या सकाळी पहाऱ्यावरची ब्रिटिश जहाजं सरावासाठी बाहेर पडली आणि जर्मन अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटरनं ठरलेला सांकेतिक निरोप पाठवला. प्रत्येक जहाजावर खालचे व्हॉल्व्ह उघडले गेले, जलरोधक दारं सताड उघडी टाकली गेली. स्ट्रॉमनेसच्या शाळेतली मुलं त्याच दिवशी बोटीतून हे आरमार बघायला सहलीला गेली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर जहाजं कलायला लागली. संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं तळाला गेली होती. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना त्या सहलीवर निबंध लिहायला सांगितला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

रात्री साडेआठला स्ट्रॉमनेसला उतरलो तर ऊन पडलेलं. साडेदहालाही उजेड होता. सुनंदानं खिडकीला जाड पडदा ओढून 'आता रात्र झाली' असं जाहीर केलं आणि झोपली.

दिवस दुसरा

स्ट्रॉमनेस म्हणजे एकच लांब, वळणावळणाचा, फरशीचा रस्ता. एका बाजूच्या घरांचं मागचं दार थेट पाण्यात. रेवदंड्याच्या जुन्या आळीची आठवण झाली, फक्त इथे माड नाहीत. माडच कशाला, ऑर्कनीत झाडंच फारशी नाहीत. वारा कोणाला उभं राहू देत नाही.

रस्त्याच्या शेवटाकडे लॉगिनची विहीर. कॅप्टन कुकच्या 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी'नं १७८० मध्ये परतीच्या वाटेवर इथून पाणी भरलं, अशी पाटी आहे. त्या फेरीत कुक स्वतः नव्हता, तो हवाईत मारला गेला होता. विहीर आता बंद आहे.

न्याहारीला घरमालकिणीनं बेअर नावाच्या जुन्या जातीच्या जवाची जाडजूड बॅनॉक दिली. काळपट, तव्यावर भाजलेली, किंचित आंबूस. सुनंदानं तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघितलं. "नाचणीची भाकरी." मग बॅगेतून लसणीची चटणी निघाली. मालकिणीनंही चाखली आणि दोन ग्लास पाणी प्यायली.

गावातलं संग्रहालय लहान आहे, कोंदट आहे आणि झकास आहे. जर्मन जहाजांवरून आलेल्या चीजवस्तू कपाटांत मांडल्यात. एक गोष्ट कळली : ही बुडालेली जहाजं वर काढणारा भंगारवाला कॉक्स इथे यायच्या आधी पाच वर्षं गावकरी रात्री होड्या घेऊन जायचे आणि पाण्यावर राहिलेल्या भागातून पितळ, तांबं, काय मिळेल ते सोडवून आणायचे. त्याला चोरी म्हणायची का, यावर इथे आजही हसून उत्तर देतात. कोकण किनाऱ्यावर एखादं गलबत फुटलं की दुसऱ्या दिवशी गावात कोणाकोणाच्या घरी नव्या फळ्या दिसतात, तसलाच प्रकार.

दुपारी धक्क्यावर गेलो. पाणबुड्यांच्या, म्हणजे डायव्हरांच्या, बोटी नुकत्याच परतल्या होत्या. काळे सूट अर्धे सोललेले, हातात चहाचे मग, ओठ निळे. एका बोटीच्या तांडेलाशी, म्हणजे स्किपरशी, गप्पा जमल्या. मी इंजिनिअर म्हटल्यावर त्यानं आधी त्याचं इंजिनच दाखवलं. जगभर कुठेही गेलं तरी हे चालतं.

तो म्हणाला, खाली आता सात मोठी धुडं उरलीत. 'क्योनिग', 'क्रोनप्रिन्झ विल्हेल्म' आणि 'मार्कग्राफ' या तीन बॅटलशिप, आणि 'ब्रुमर', 'क्योल्न', 'ड्रेस्डेन', 'कार्ल्सरुह' ही चार हलकी क्रूझर. बॅटलशिप जवळजवळ उलट्या पडल्यात. वरच्या तोफांचे बुरूज एवढे जड की बुडताना जहाज उलथतंच, आणि मग त्या तोफा चिखलाकडे, बूड आकाशाकडे. २००१ पासून ही सातही संरक्षित स्मारकं आहेत, काहीही उचलायला बंदी. पण मालकी मात्र खासगी! २०१९ मध्ये यातली चार चक्क ईबेवर विकली गेली. तीन बॅटलशिप मध्यपूर्वेतल्या एका कंपनीनं प्रत्येकी २५,५०० पौंडांना घेतल्या.

"घेऊन करणार काय?" मी विचारलं.

"मलाही तेच विचारायचंय," तो म्हणाला आणि इंजिनवर फडकं मारायला लागला.

दिवस तिसरा

या दिवसासाठी आलो होतो. सकाळी भाड्याची गाडी घेऊन हाउटन, तिथून होय बेटावरच्या लायनेसची फेरी. बोटीत आमच्याशिवाय एक ट्रॅक्टर, दोन मेंढपाळ कुत्री आणि पोस्टाची गाडी.

लायनेसला उतरलं की समोरच आरमाराच्या इंधनाचं जुनं पंपहाउस आणि शेजारी तेलाची भलीमोठी टाकी. तेच आता स्कापा फ्लो संग्रहालय. डागडुजी करून २०२२ मध्ये पुन्हा उघडलंय. पंपहाउसात पाऊल टाकलं आणि वंगणाचा वास आला. सुनंदा म्हणाली, "आता तुम्ही दोन तास बोलायचा नाहीत." बरोबर ओळखते.

अर्नेस्ट कॉक्स. जन्म १८८३, वोल्व्हरहॅम्प्टन, कापडाच्या दुकानदाराचं पोर. तेराव्या वर्षी शाळा सुटली. वीजनिर्मितीचं काम स्वतःच शिकला, पॉवरस्टेशनांत नोकऱ्या केल्या, मग बायकोच्या नात्यातल्या डँक्सच्या पैशावर भंगाराचा धंदा काढला. युद्धानंतर पोलाद महाग झालं, तेव्हा त्यानं जर्मनांचा एक तरंगता डॉक, म्हणजे जहाज आत घेऊन पाण्यावर उचलणारी गोदी, त्यातल्या लोखंडासाठी विकत घेतला. मग डॉक आहेच, तर त्यानं जहाजं का उचलू नयेत, असं त्याच्या डोक्यात आलं. १९२४ मध्ये ब्रिटिश आरमारखात्याकडून २६ विनाशिका आणि दोन बॅटलक्रूझर, म्हणजे जड तोफांच्या वेगवान युद्धनौका, त्यानं २४,००० पौंडांना घेतल्या. आरमाराच्या मते ही जहाजं वर काढणं परवडणारं नव्हतं. कॉक्सनं तोवर आयुष्यात एक होडीसुद्धा पाण्यातून वर काढली नव्हती.

आपल्याकडे असा माणूस दिसला की आपण म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय. तिथेही म्हणाले असतील.

पण त्यानं दोन हुशार माणसं निवडली, थॉमस मॅकेंझी आणि अर्नेस्ट मॅककीओन. यातला मॅकेंझी पुढे दुसऱ्या महायुद्धात नौदलात कमोडोरच्या हुद्द्यावर साल्व्हेजचं काम बघत होता. म्हणजे नौदलाच्या साल्व्हेज अधिकाऱ्याचं शिक्षण झालं ते या भंगारवाल्याच्या हाताखाली.

पहिलं जहाज 'व्ही ७०'. तरंगता डॉक कापून त्याचे दोन भाग केले आणि बुडालेल्या जहाजाच्या दोन्ही अंगांना उभे केले. जहाजाच्या बुडाखालून साखळ्या ओढून दोन्ही बाजूंच्या कप्प्यांना बांधल्या. ओहोटीला ताण द्यायचा, भरती आली की समुद्रच डॉक उचलतो आणि डॉकबरोबर खालचं धूडही. वरचा ताण माणसांनी हातानं फिरवायच्या विंचवर. साखळ्या जुन्या होत्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतलेल्या. एक तुटली आणि मग सगळ्याच. पुढच्या वेळी पोलादी वायररोप आले आणि १९२४ च्या उन्हाळ्यात 'व्ही ७०' वर आलं. तोवर भंगाराचे भाव पडले होते. कॉक्सनं ते विकायच्या ऐवजी त्यातच सुतारशाळा काढली! पुढे दोन वर्षांत सगळ्या विनाशिका वर आल्या. लहानातली लहान साडेसातशे टनांची.

आता माझी गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी थर्ड इंजिनिअर असताना अरबी समुद्रात आमच्या इंजिनरूममध्ये समुद्राच्या पाण्याचा एक पाइप बुडालगत सडून फुटला. मनगटाएवढं भोक, आणि पाणी येतं ते कारंज्यासारखं. आम्ही काय केलं? भोकात लाकडी खुंटी ठोकली, त्याभोवती गोधडीच्या चिंध्या कोंबल्या, भोवती फळ्यांची पेटी उभी केली आणि तिच्यात सिमेंट ओतलं. सिमेंट लवकर घट्ट व्हावं म्हणून भटारखान्यातून धुण्याचा सोडा आणून कालवला. उरलेलं पाणी झिरपायला पेटीतून एक नळी काढून ठेवली, नाहीतर दाब सिमेंटलाच ढकलून देतो. याला सिमेंट बॉक्स म्हणतात. चोवीस तासांत दगड झाला. त्या पेटीच्या भरवशावर आम्ही मुंबई गाठली. भोक छोटं की मोठं, प्रश्न तोच : पाणी काढायचं नंतर, आधी यायचं थांबवायचं. आणि ज्या फसलेल्या कामाचं मी वर म्हणालो, तिथे हेच उलटं झालं. कोकण किनाऱ्यावर एक बार्ज बसली होती. कंत्राटदारानं मोठमोठे पंप आणले, फोटो काढून घेतले, भोकं बुजवायची माणसं मात्र आणली दोन. पंप समुद्रच उपसत राहिले. दोन भरत्या गेल्या आणि बार्जचा कणा मोडला.

'हिंडेनबुर्ग' ही कॉक्सची खरी डोकेदुखी. जवळजवळ २१ मीटर पाण्यात, सरळ उभी बुडालेली बॅटलक्रूझर. ओहोटीला तिचा वरचा भाग पाण्याबाहेर दिसायचा. ही सरळच वर काढायची असं त्यानं १९२६ मध्ये ठरवलं. त्यासाठी जहाजातलं प्रत्येक दार, व्हॉल्व्ह, खिडकी, धुराडं, वायुविजनाचं तोंड, सगळं पाणबुड्यांनी बुजवायचं. अशी आठशे ठिगळं. काही तळहाताएवढी, काही घराच्या भिंतीएवढी. सांध्यांना चरबी चोपडायची. तरी पाणी आत येतच राहिलं. पाणबुडे खाली बघतात तर काय, माशांचे थवे ठिगळांच्या कडेची चरबी खातायत! मग चरबीत सिमेंट मिसळलं, तेव्हा मासे गेले. हे वाचून मी मोठ्यानं हसलो आणि पलीकडच्या इंग्रज बाईंनी वळून बघितलं.

ठिगळं टिकली, पंप चालू झाले, 'हिंडेनबुर्ग' हलली. आणि कलली. पुन्हा सरळ केली, पुन्हा कलली. याचं कारण समजायला पुस्तक नको. पाण्यानं अर्धी भरलेली परात दोन्ही हातांनी उचला आणि चालायला लागा. हात जरासा तिरका झाला की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं, त्यानं परात आणखी तिरकी होते, आणि मग पाय ओले. उपसता उपसता अर्ध्या भरलेल्या जहाजात हजारो टन पाणी असंच धावतं. महिनोन्महिने खटपट केली, वादळ आलं, पंपांचा एक बॉयलर बंद पडला आणि कॉक्सनं ती सोडून दिली. तीस हजार पौंड पाण्यात. अक्षरशः.

त्याच वर्षी इंग्लंडात कोळसा खाणींचा संप. पंप कोळशावर चालणारे, कोळशाचे भाव गगनाला. कॉक्सकडे 'सायडलिट्झ' ही दुसरी बॅटलक्रूझर होती, आडवी पडलेली, एक कूस पाण्याबाहेर. त्या कुशीतच जर्मनांनी भरलेला कोळसा होता. पत्रा कापला आणि जर्मन कोळशावर जर्मन जहाजं उपसायला सुरुवात केली. एवढा हिशेबी माणूस. आमच्या दारूखान्यातल्या शेठनंही हात जोडले असते.

उलट्या पडलेल्या जहाजांसाठी त्यानं वेगळी युक्ती वापरली. ग्लास उपडा करून बादलीत दाबला की त्यात हवा अडकते ना, तसं. 'मोल्टके' ही आणखी एक बॅटलक्रूझर उलटी होती. तिच्या बुडाची भोकं बुजवली, जुन्या बॉयलरच्या नळकांड्यांची उभी धुराडी करून तिच्या बुडावर बसवली, ती थेट पाण्याबाहेर. हे हवेचे दरवाजे. दोन झडपांमधल्या खोलीत शिरायचं, दाब वाढेपर्यंत थांबायचं, मग आतलं दार उघडून उलट्या जहाजात उतरायचं. छतावरून चालायचं, जमीन डोक्यावर. आत अंधार, चिखल, सडकी हवा, आणि माणसं भिंती-दारं बुजवतायत.

भिंती का बुजवायच्या? कारण हवा मोकळी असली की ती सगळी उंच टोकाकडे जाते. मग नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर येते, आणि वर येताना बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे तीच हवा फुगते, नाळ अजून जोरात वर उसळते. परातीचाच खेळ, फक्त उलटा. म्हणून जहाजाचे आतून कप्पे पाडायचे आणि प्रत्येकाची हवा वेगळी मोजून द्यायची. जून १९२७ मध्ये 'मोल्टके' उपडीच वर आली.

सगळं सुखरूप झालं असं नाही. १९३१ मध्ये 'प्रिन्झरेगेंट लुइटपोल्ड'च्या आत कोंडलेल्या वायूचा स्फोट होऊन एक सुतार मेला. आपल्याला अशी नावं लक्षात राहत नाहीत. मुंबईच्या गोदीत ऑगस्ट २०१३ मध्ये 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाला, १८ नौसैनिक गेले. पुढच्या वर्षी ती वर काढली तेव्हा मी रोज पेपर वाचत होतो. ती वर काढणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आज मला सांगता येत नाही.

'हिंडेनबुर्ग' अखेर जुलै १९३० मध्ये वर आली, सरळ, कॉक्सला हवी तशी. या वेळी त्यानं तिच्या मागच्या भागाखाली काँक्रीटची पाचर बसवली होती, कलू नये म्हणून. चार वर्षं तो त्याच एका जहाजाच्या विचारात होता असं दिसतं. नफा? सगळं आवरून बाहेर पडला तेव्हा या कामात दहा हजार पौंड तोटा होता. नफा त्याच्यानंतर आलेल्या कंपनीनं कमावला, त्यानंच शोधलेल्या पद्धतीनं.

संग्रहालयाच्या बाहेर 'हॅम्पशर' या क्रूझरचा पंखा ठेवलाय. १९१६ मध्ये ऑर्कनीच्या पश्चिमेला सुरुंगावर आपटून ती बुडाली आणि तिच्याबरोबर लॉर्ड किचनर. तोच, जो १९०२ ते १९०९ भारताचा सरसेनापती होता.

फेरीला तास होता म्हणून चालत नौदलाच्या दफनभूमीत गेलो. हिरवळ, रांगेत दगड. एका कोपऱ्यात जर्मन नावं. २१ जून १९१९ च्या गोंधळात ब्रिटिशांच्या गोळ्यांनी नऊ जर्मन मेले, 'मार्कग्राफ'चा कप्तान शूमान त्यातलाच. युद्ध संपून सात महिने झाले होते. सुनंदानं एका दगडावरचं वय वाचलं आणि पुढच्या दगडाकडे गेलीच नाही.

दिवस चौथा

पाऊस. म्हणून गाडीतूनच पूर्वेकडची बेटं. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-४७ पूर्वेच्या अरुंद खाडीतून, अडथळा म्हणून बुडवलेल्या जुन्या जहाजांच्या मधून आत शिरली आणि नांगरलेली ब्रिटिश बॅटलशिप 'रॉयल ओक' तिनं बुडवली. ८३५ माणसं गेली. त्यात शंभरहून जास्त 'बॉय सेलर', मिसरूड न फुटलेली मुलं. मग चर्चिलनं या खाड्या दगड-काँक्रीटनं बुजवून टाकल्या. तेच बांध आता रस्ते आहेत. गाडी त्यावरून जाते आणि शेजारी पाण्यात जुनी अडथळा-जहाजं गंजत उभी. एकाच्या बरगड्यांवर पाणकावळे पंख वाळवत होते.

बांध घालायला इटालियन युद्धकैदी आणले होते. त्यांनी पत्र्याच्या दोन अर्धगोल झोपड्या जोडून एक देऊळ, म्हणजे चर्च, केलंय. दिवे गोमांसाच्या रिकाम्या डब्यांचे. लाकूड फुटलेल्या जहाजाचं. हाताशी जे होतं त्याचं. आत गेल्यावर भिंतीवरच्या विटा आणि कोरीवकाम खरं वाटतं, हात लावल्यावर कळतं की रंगवलेलं आहे. आमच्या पुढच्या आजोबांनीही हात लावून बघितला.

कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये 'रॉयल ओक'ची घंटा आहे. जहाज मात्र वर काढायचं नाही, ती कबर आहे. पण तिच्या टाक्यांत भरपूर तेल होतं आणि ते वर्षानुवर्षं झिरपत होतं. मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संरक्षण खात्याच्या साल्व्हेजवाल्यांनी टप्प्याटप्प्यानं ते उपसलं. पद्धत बघण्यासारखी : टाकीच्या पत्र्यावर आधी व्हॉल्व्ह पक्का बसवायचा, मग त्या व्हॉल्व्हच्या आतूनच भोक पाडायचं, म्हणजे एक थेंबही बाहेर नाही. कॉक्सचा माणूस भोकं बुजवत होता, हे भोकं पाडतात, पण काळजी एकच.

संध्याकाळी स्कापाच्या किनाऱ्यावर उभे होतो, दूर 'रॉयल ओक'चा हिरवा बोया दिसत होता. सुनंदाला तिच्या आईची गोष्ट आठवली. १४ एप्रिल १९४४, मुंबई, व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. आई तेव्हा गिरगावात, कुरडया वाळत घालत होती. खिडक्यांच्या काचा कुरडयांवर पडल्या. दुसऱ्या दिवशी चाळीत चर्चा एकच, जहाजात सोन्याच्या विटा होत्या आणि त्या कुठेकुठे उडून पडल्या. गोदीत बुडालेली जहाजं काढायला, राडारोडा उपसायला महिने लागले. "आई म्हणायची, आमच्या वाट्याला काचाच आल्या," सुनंदा म्हणाली. त्या कुरडया फेकल्या की नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

दिवस पाचवा

पहाटेची बोट, थर्सोची गाडी, इनव्हर्नेस. या वेळी मुद्दाम फाइफवरून जाणारी गाडी धरली आणि खिडकीत बसलो. हट्ट केला म्हणा.

मे १९२८ मध्ये 'मोल्टके' लायनेसहून निघाली ती रोसाइथच्या गोदीत तोडण्यासाठी. १८६ मीटर लांबीचं जहाज, उपडं, बुडावर खलाशांसाठी झोपडी बांधलेली, आत हवेचा दाब टिकवायला कॉम्प्रेसर. ओढायला तीन टग, तेही जर्मन. वाटेत वादळ आलं, हवा गळायला लागली, जहाज खाली खाली बसायला लागलं, पण तगलं. फोर्थच्या खाडीत शिरताना दोन पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारे, हजर झाले, एक आरमारखात्याचा, एक खाडीचा. हक्क कोणाचा, यावर दोघांचं जुंपलं. गोदीत काम केलेल्या कोणालाही हे नवीन नाही. भांडण चालू असताना समोर इंचगार्वी बेट आलं. पुढचा टग बेटाच्या एका बाजूनं गेला, 'मोल्टके' दुसऱ्या बाजूनं निघाली. दोरखंड तोडावे लागले. आणि हजारो टनांचं, सुकाणू नसलेलं, उपडं जहाज भरतीबरोबर एकटंच फोर्थच्या रेल्वे पुलाखालून निघालं.

आमची गाडी पुलावर चढली. लाल लोखंडाच्या तिरक्या पट्ट्या खिडकीतून फडाफडा मागे जात होत्या. खाली इंचगार्वी, मधल्या खांबाच्या पायाशी, पडक्या भिंतींचं, गाईच्या पाठीएवढं. पलीकडे रोसाइथच्या क्रेन. मी बोटानं दाखवत होतो, इथून आली, इथे तुटलं, इथून गेली.

"आणि खांबाला लागलं नाही?"

"नाही."

सुनंदानं पर्समधून नाणं काढलं होतं. खाडी ओलांडताना ती नेहमी टाकते, वसईला, ठाण्याला, कुठेही. पण खिडकी उघडणारी नव्हती. तिनं काचेवर नाणं टेकवून बघितलं, मग मुठीत धरून बसली. पूल संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.